गुलब्याच्या तीन नळ्या

तेर, ता. ९ डिसेंबर १९८५

ती. केशरअक्कास,
व्यंकटचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

इकडं आम्ही सुखरूप. टँकर तिसऱ्या दिवशी येतो आणि तुझी भावजय घागरीच्या नंबरावरून दर खेपेला एक मैत्रीण गमावते. असो.

पत्राला कारण गुलब्या. उन्हाळ्यात छावणीत खुरकुतानं आपला वळू गेला, पण आमच्या रेतन केंद्रात नायट्रोजनच्या टाकीत त्याचं गोठवलेलं वीर्य अजून आहे. तीनच नळ्या. एक नळी एका गाईला एकदा पुरते. सोसायटीला आता टाकीतली जागा जर्सीच्या नळ्यांसाठी हवी आहे. मी म्हणालो, एवढ्या तीन राहू द्या, मालकिणीला विचारतो. अण्णांनी जाताना सांगितलंच होतं की गुलब्याचं काय ते केशर ठरवील. तेव्हा आता वापरायच्या, की पाऊसपाणी होईपर्यंत राखायच्या, ते कळव.

दाजींना नमस्कार. माया आहेच, ती उत्तरातून दिसावी.

तुझा
व्यंकट

माकणी, ता. १६ डिसेंबर १९८५

चि. व्यंकटास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मालकीण म्हणालास, बरं वाटलं. तुला अण्णांनी शिकवून नोकरीला लावलं, मला ही चंद्री दिली. त्यामुळं मालकी काय ती एका गाईची.

पत्र आल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही. बहात्तरच्या दुष्काळात अण्णांनी खडी फोडली, स्वतः सुकडी खाल्ली आणि गुलब्याच्या आईला जगवलं. ते मी डोळ्यांनी पाहिलंय, तू तेव्हा बोर्डिंगात होतास. चंद्री दुसऱ्या घरच्या रक्ताची, पण गुलब्यासारखीच अस्सल देवणी. आता थकली आहे, फार तर आणखी एक वेत होईल. तुझे दाजी म्हणतात, अशा सालात गाभण गाय म्हणजे दोन तोंडं. म्हणू देत. उसाचं वाढं आणीन, पण तिला उपाशी ठेवणार नाही.

तर एक नळी चंद्रीला. नाही ठरली तर दुसरी. तिसरी मी सांगेपर्यंत हलवायची नाही. मला गुलब्याचा गोऱ्हा हवाय रे. अण्णांचं काहीतरी दारात हुंदडावं असं फार वाटतं.

तीन तारखेला ती माजावर होती. एकवीस-एकवीस दिवस मोजलेस तर बरोबर संक्रांत येते. तिळगूळ खायला ये आणि येताना नळी आण. धाकट्यांना खाऊ आणला नाहीस तरी चालेल.

आहे तसाच जीव लावत राहा.

तुझी
केशरअक्का

तेर, ता. २० एप्रिल १९८६

ती. केशरअक्कास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

परवा तुझ्यासमोरच तपासलं, तरी कागदावर लिहून देतो म्हणजे तुझा विश्वास बसेल. चंद्री तीन महिन्यांची गाभण आहे. पहिल्याच नळीत काम झालं. उरलेल्या दोन टाकीत सुखरूप आहेत, दर आठवड्याला पट्टी बुडवून नायट्रोजन किती उरलाय ते मी स्वतः बघतो.

परवा पुरणपोळीच्या नादात एक सांगायचं राहिलं. नऊ वर्षं रोजंदारीवर काढली, पण एक मार्चपासून मी कायम झालो. चेअरमनसाहेबांनी मनावर घेतलं.

चंद्रीला उन्हात बांधू नकोस. चारा कमी पडला तर निःसंकोच कळव. ती कशी आहे ते दर पंधरवड्याला लिहीत जा, माझा जीव तिकडंच असतो.

तुझा
व्यंकट

माकणी, ता. २६ ऑक्टोबर १९८६

चि. व्यंकटास,
आशीर्वाद. वि. वि.

परवा चंद्री व्याली. कालवड आहे. गोऱ्हा झाला नाही याचं मला काही नाही. पण तिचा रंग हरणासारखा आहे, कान आखूड आणि तोंड बसकं. अख्खी आळी बघून गेली. सगळ्या म्हणाल्या, केशर, नशीब काढलंस, जर्सी झाली, आता दुधाला तोटा नाही.

मला वाटलं, घाईत तुझ्या हाती दुसरी नळी आली असेल. माणूस आहे, चुकतं. मी तुझ्या दाजींशी भांडले तुझ्यासाठी. पण काल आमची शेजारीण इरम्मा तेरहून आली. तिची लेक तुमच्या चेअरमनच्या शेजारी दिली आहे. ती सांगत होती, त्यांच्या गोठ्यात महिनाभरात दोन गाई व्याल्या. वासरं पांढरी, अंगावर काळे ठिपके, लोंबते कान. गुलब्याला तिनं आमच्या दारात दहा वर्षं बघितलंय. म्हणाली, बाई, त्येचीच हायती, न्हाय म्हनू नका.

उरलेल्या दोन नळ्या टाकीत आहेत का, एवढंच कळव.

केशरअक्का

तेर, ता. ३० ऑक्टोबर १९८६

ती. अक्कास,
शि. सा. नमस्कार.

नाहीत. एकही नाही.

जानेवारीत साहेबांनी यादी बघितली आणि तिन्ही नळ्या त्यांच्या देवणी गाईंसाठी मागितल्या. दोन ठरल्या, एक वाया गेली. माझा कायमचा कागद त्यांच्या टेबलावर होता. संक्रांतीला तुझ्याकडं आलो तेव्हा डब्यात जर्सीची नळी होती, मला माहीत होतं. वाटलं, दूध वाढेल, तू खूश होशील, हळूहळू विसरशील. पुढं प्रत्येक पत्रात सांगायचं ठरवलं आणि प्रत्येक पत्रात चंद्रीचीच चौकशी करत बसलो.

मला मार, पण तोडू नकोस. भाऊबीजेला संध्याकाळच्या गाडीनं येतो. समोर बसून माफी मागतो.

तुझा
व्यंकट

माकणी, ता. ५ नोव्हेंबर १९८६

व्यंकटास,

कालवड चांगली आहे. तिचा काही दोष नाही, तिला मी पोटभर पाजते.

नळ्या गेल्या याचं दुःख आहेच. अण्णांचं जे काही उरलं होतं ते परक्याच्या दावणीला गेलं. पण त्याहून जास्त हे लागलं की नऊ महिने मी डोक्यावर वाढं वाहिलं, तिच्या पोटाला कान लावून बसले, तुला एकेक लिहिलं, आणि तू वाचून लिहीत होतास की तुझा जीव इकडंच आहे. माझं पुरण खाताना तुझा घास अडला नाही. तुझी नोकरी त्या तीन नळ्यांवर अडलीय एवढं मला सांगितलं असतंस, तर तिन्ही मी स्वतः दिल्या असत्या. भावापुढं वळू काय मोठा होता? तू मागितलंसच नाहीस.

काल तू आलास, दार आतून लावलेलं होतं, हाका मारून शेवटच्या गाडीनं परत गेलास, असं इरम्मानं सांगितलं. तुझ्या हाका मला ऐकू आल्या. मी परसात ताट घेऊन उभी होते. भाऊ नसलेल्या बाया ओवाळतात तसं चंद्राला ओवाळत होते.

कळावे.

केशरबाई