तिसऱ्या हाकेची वाट

११ नोव्हेंबर

समी आली! सकाळच्या एसटीने. पाठीवर कंप्युटरची बॅग आणि हातात माझ्यासाठी ही कंपनीची डायरी. "आजी, चौथी शिकलीस ना? मग लिही. बोलतेस तेच लिहायचं." बोलायला मला कोण थांबवतंय!

आता पंधरा दिवस इथूनच काम करणार म्हणे. अनंता मला फोनवर सांगतो, "आये, पोरीला कामात त्रास देऊ नको." माझा लेक मला शिकवतो! रेंज ओटीच्या एकाच कोपऱ्यात येते आणि तिथेच कोंबडी अंड्यांवर बसलेली. कोंबडी उठवली, समी बसवली. कोंबडी रुसली आहे.

१२ नोव्हेंबर

समीचं काम समजलं मला! अर्धं तरी. सी नावाची भाषा आहे, त्यातलं जुनं लिहिलेलं साफ करायचं. सिग्नलचं. मला वाटलं आटगावला भावाच्या घरापाशी रेल्वेचा लाल-हिरवा आहे तो. हसली. "नाय गो. प्रोग्राम आपलं काम करत असतो, मधेच त्याला हाक येते. तेव्हा काय करायचं, ते आधीच सांगून ठेवायचं."

पूर्वी म्हणे तऱ्हेतऱ्हेची मशिनं होती, प्रत्येकाची रीत वेगळी. म्हणून एकच गोष्ट चार तऱ्हांनी लिहून ठेवलेली. काही मशिनं तर एका हाकेला ओ दिली की सगळी शिकवण विसरायची! परत सांगावं लागे, पुढच्या हाकेलाही ओ दे हां. आणि ते सांगेपर्यंत दुसरी हाक आली तर? "प्रोग्राम तिथेच बंद," म्हणाली.

अगदी लहानपणचा अनंता!

"आणि आता ती मशिनं कुठे हायत?"

"कुठेच नाय."

"मग लिहिलेलं का ठेवलं?"

"भीतीने. असू दे, कोणाच्या तरी कामाला येईल म्हणून."

माझ्या माळ्यावर पण असंच आहे सगळं. तिला सांगितलं नाय, नायतर तोही साफ करेल.

१३ नोव्हेंबर

भात झोडलं. समीने चार पेंढ्या झोडल्या, हात लाल. फोटो मात्र चाळीस.

१४ नोव्हेंबर

काल तिन्हीसांजेला धोंडी पडली. शेजारची धोंडीबाई. आमी दोघी एकाच वर्षी लग्न होऊन वैशाखऱ्यात आलो, तेव्हापासूनची माझी धोंडी. विहिरीच्या पायरीवर घसरली. गुराखी बुधू गुरं घेऊन उशिरा आला, त्याला दिसली. तोवर तशीच पडून. जीपमध्ये घालून मुरबाडला नेली.

लिहू का नको. लिहिते. कोणाला सांगणार दुसऱ्या?

मला हाक ऐकू आली होती. "राहीऽऽ." एकदाच. मी दिवा लावत होते. आमच्यात तिन्हीसांजेच्या पहिल्या हाकेला ओ देत नायत. दुसरीलाही नाय. बाहेरचं असेल ते दोनदाच हाक मारतं, तिसरी त्याला जमत नाय. माणूस असेल तर तिसरी मारतंच. आईने शिकवलं, सासूने शिकवलं, मी अनंताला शिकवलं, समीलाही. समी तेव्हा कानात बोंडं घालून मीटिंगमध्ये.

मी दार लोटलं. घंटा वाजवली, देवाचं मोठ्याने म्हटलं. मनात भ्याले होते म्हणून रोजच्यापेक्षा जास्तच वाजवली. तिसरी हाक काय आली नाय. म्हटलं, बघ, बाहेरचंच होतं! आणि आमटी केली. आमटीला चव पण आली होती, मेली!

१५ नोव्हेंबर

मुरबाडला गेले. खुब्याचं हाड मोडलंय, आता कल्याणला नेणार. धोंडी भिंतीकडे तोंड करून. माझ्याशी बोलली नाय. तिची सून मनस्वी म्हणाली, "राहीकाकू, तुमी तर लागूनच. काय आवाज नाय आला?"

मी म्हटलं, "नाय गो."

पटकन निघालं तोंडातून. परत गिळता येत नाय.

१६ नोव्हेंबर

जेवण गेलं नाय. कोंबडी परत कोपऱ्यात बसली, उठवली नाय. समी अंगणात उभी राहून फोनवर बोलली.

१७ नोव्हेंबर

समी ओळींमागून ओळी पुसत होती. मी बघत बसले. विचारलं, "ज्याने लिहिलं त्याची चूक होती काय गो?"

"नाय. त्याच्या वेळी बरोबरच होतं. नंतर कोणी बघितलंच नाय, हे अजून लागतं का म्हणून."

मग मला रडूच आलं. सगळं सांगितलं. तिने कंप्युटर मिटला. वाटलं, आता ओरडेल. तर म्हणते, "साहेब मला म्हणतात, तिसऱ्या मेसेजशिवाय तू उत्तर देत नाहीस. तुझ्यामुळे होय!" रडता रडता हसले मी. लाज नाय मला.

मग हात धरून म्हणाली, "आजी, धोंडीआजीला सांग. मनस्वीकाकूच्या समोर सांग."

जमायचं नाय. धोंडीने बोलणं टाकलं तर मी या गावात कोणाशी भांडू?

२० नोव्हेंबर

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आहे. पण चालेल का, ते डॉक्टर सांगत नायत. उद्या जाते. समीला सुट्टी नाय, एकटीच जाते.

२१ नोव्हेंबर

सांगितलं. मनस्वीच्या समोर. "धोंडे, मी ऐकलं होतं गो. पण एकदाच मारलीस हाक, म्हणून..."

धोंडी भिंतीकडून वळली.

"एकदा? मला काय तुझी रीत म्हायत नाय? तीनदा मारली. दुसरी मारतेय तोवर तुझी घंटा सुरू. तिसरी घंटेवरच मारली. म्हटलं, राही दमेल, घंटा थांबेल, मग परत मारते. थांबली गो. पण तवा माझ्यात हाक नव्हती राहिली."