मागच्यानं चढावर उतरायचं

दादा,

पन्नाशीत हे खूळ डोक्यात घेतलं आणि तीन दिवस सायकल मारत काल आपल्या लहानपणीच्या चढाशी पोचले. तिथे सायकल एकदम जड झाली. चाकांत हवा तर भरपूर होती. सवयीनं तोंडून गेलं, "दादा, उतर की!" कॅरियर करकरला आणि सायकल हलकी झाली.

आपला नियमच होता, मागच्यानं चढावर उतरायचं, पुढच्यानं माथ्यावर थांबायचं. त्या दिवशी मी थांबले नाही. तू माझ्यामागे उतारावर पळत सुटलास आणि ट्रकखाली आलास. घरी मात्र मी सांगितलं, थांबले होते.

काल माथ्यावर ब्रेक लावला. तुझ्या चपलांची फटफट जवळ आली, आणि मी पुन्हा सुसाट निघाले.

हे पत्र टाकणार नाही. पाकिटावर पाठवणारीचा म्हणून माझा पत्ता लिहावा लागेल, आणि तुला घर सापडेल.

तुझी,
धाकटी