कापलेल्या कडा

३ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय चिमणे,

आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. दुकानात दोन कपाटांचं काम चालू आहे आणि तुझी वहिनी मला रंध्याला हात लावू देत नाही, हेच काय ते दुखणं.

ऑपरेशनचं तिने तुला फोनवर सांगितलंच असेल. तुमचे फोन चालतात, हे मला माहीत नाही असं तिला वाटतं.

उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढला. कॅन्सरच, पण वेळेत सापडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ लहान, शेजारच्या ग्रंथी कोऱ्या, कापलेल्या कडा स्वच्छ. कडांचं मला लगेच समजलं. चौकट कुजली की आपणही चांगल्या लाकडात दोन बोटं आत जाऊनच कापतो. "अशांपैकी बहुतेक जण पाच वर्षं पार करतात," म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, मी शिसवी माल आहे." हसल्या.

मग त्यांनी विचारलं, "सिगारेट कधी सोडली?"

"वर्ष झालं," मी ठोकून दिलं.

"छान. म्हणजे हेही तुमच्या बाजूने," असं म्हणत त्यांनी लिहून घेतलं.

चिमणे, ऑपरेशननंतर तिसऱ्याच आठवड्यात मी दुकानामागे झुरके मारत उभा होतो. पाकीट खिळ्यांच्या डब्यात लपवलेलं. चार वर्षांपूर्वी असंच पाकीट तू गरम सरसात बुडवलंस आणि मी कारागिरांसमोर ओरडलो, "पुन्हा या दुकानात पाऊल टाकू नकोस!" तू टाकलं नाहीस. चूक माझी होती. संध्याकाळपर्यंत कळलीही होती, पण सांगायला तोंड नव्हतं.

कुजक्या लाकडावर पुट्टी भरून पॉलिश मारणाऱ्यांना मी जन्मभर शिव्या घातल्या. आता माझ्याच केसपेपरवर पुट्टी भरून बसलोय.

आठ दिवसांपूर्वी मीही पाकीट सरसात बुडवलं. नववा दिवसही निघेल. माझा हट्टीपणा तू पाहिलायस. शुक्रवारी तपासणी आहे. बाईंना खरं सांगून टाकणार आहे, मग त्यांना काय खोडायचं ते खोडू देत. पण ऐनवेळी जीभ घसरली तर कोपराने ढोसायला तू शेजारी हवीस. वहिनी नको, ती रडेल.

सकाळी नऊला निघायचं. घरी येऊ नकोस, दुकानात ये. आणि बाहेरून हाक मारू नकोस, सरळ आत ये.

आठ दिवसांचा शहाणा, चार वर्षांचा मूर्ख,
तुझाच
दादा