खुर्ची आणि पाल

दि. ४ मार्च

प्रिय टिल्लू,

गुडघा कसा आहे असं फोनवर विचारलं की तू "मजेत" म्हणतेस आणि मलाच दहा प्रश्न विचारतेस. म्हणून कागदावर विचारतो. टाके निघाले का? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतेस, की त्या कागदावरची चित्रं नुसती बघतेस? इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या वहिनीने मला घरातही चष्मा लावायची सक्ती केली आहे. आयुष्यभर लोकांच्या काचा घासल्या आणि स्वतःचा नंबर तपासायला दोन वर्षं टाळाटाळ केली, असं तिचं म्हणणं आहे. ते खरंच आहे.

आता तुझ्या फर्मानाबद्दल. सहा आठवडे पडून राहायचंय, स्वस्तातला कॉम्प्युटर बघ, आपला जुना गेम चालला पाहिजे आणि त्याच्या पुढचेही. बाईसाहेबांचा हुकूम म्हणून मी कामाला लागलो. आमच्या दुकानामागच्या गल्लीत एक जण जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकतो. माझंच गिऱ्हाईक, त्याच्या दोन्ही डोळ्यांचे नंबर मला पाठ आहेत. त्याला म्हटलं, गेमच्या जुन्या यंत्रांची नक्कल करील असा कॉम्प्युटर हवा. तो म्हणाला, "चष्मेवाले, यंत्र कुठलं? कॅसेटवालं की डिस्कवालं?" मी म्हटलं, दोन्ही. मग त्याने मला स्टुलावर बसवून शिकवणीच घेतली.

कॅसेटवाले गेम म्हणे कशावरही चालतात. डिस्कवाल्यांना प्रोसेसर जरा ताजा लागतो, आणि त्यात कोर किती आहेत यापेक्षा एकेक कोर किती वेगाने पळतो ते बघायचं. ऑफिसांतून काढून टाकलेले चपटे डबे त्याच्याकडे ढिगाने आहेत. दिसायला नीटनेटके, टेबलावर जागा कमी घेतात, माझा जीव त्यातल्या एकावर जडला होता. पण त्यांच्यात नेहमीच्या मापाचं ग्राफिक्स कार्ड मावत नाही आणि वीजही पुरत नाही. "आज मावेल तो घेऊ नका, उद्या मावेल तो घ्या," असं तो म्हणाला. म्हणून उभा टॉवर ठरवला. कुठल्याशा ऑफिसात पाच-सहा वर्षं झाली त्याला. मेमरी दुप्पट करून देतो, जुनी डिस्क काढून एसएसडी घालतो. ग्राफिक्स कार्ड साधंच. अगदी नव्या यंत्रांच्या गेमना ते पुरणार नाही, पण तुला त्यांच्याशी काय करायचंय. दोन कंट्रोलर घेतले, भाच्यांची मारामारी नको म्हणून.

तो दाखवत होता तेव्हा तुझी आठवण झाली. आपल्या मामाने बोटीवरच्या नोकरीतून आणलेला तो गेम, आणि त्यातली ती अगम्य लिपी. घरात कोणाला एक अक्षर वाचता येत नव्हतं. तू त्या आजारपणात पलंगावर पडल्या पडल्या वहीत अक्षरांची चित्रं काढून त्यांचा अर्थ लावलास. ज्या ओळीचं पहिलं अक्षर खुर्चीसारखं, ती दाबली की गेम राखून ठेवला जातो. ज्या ओळीचं पालीसारखं, ती दाबली की सगळं पुसलं जातं. मग घरभर तेच शब्द झाले. आई जेवायला हाक मारताना म्हणायची, "खुर्ची कर आणि ये." जुन्या यंत्रांची नक्कल करणाऱ्या या नव्या प्रोग्रॅममध्ये कुठेही, केव्हाही खुर्ची करता येते. एक कळ दाबायची, बस्स.

म्हणूनच सुचवतो, ती जुनी कॅसेट राहू दे. तिच्यात आता आहे काय? डिस्कवाल्या गेमांत कितीतरी चांगले आहेत म्हणे. विचार कर.

मेहुण्यांना नमस्कार, भाच्यांना पाप्या.

तुझा,
दादा


दि. १३ मार्च

प्रिय टिल्लू,

तुझं पत्र मिळालं. "बाकी काही नसलं तरी चालेल, आधी माझी कॅसेट" हे वाक्य तू दोनदा अधोरेखित केलंस, तेव्हा माझं काही चालणार नाही हे कळलं. बाबांच्या दुकानातून आणलेल्या खोक्यात, घड्याळांच्या पट्ट्यांखाली ती होती. कॉम्प्युटरवाल्याकडे एक छोटं यंत्र आहे. त्यात कॅसेट खोचली की आतलं सगळं कॉम्प्युटरवर उतरतं. आपलीच कॅसेट, त्यामुळे चोरीमारी नाही.

गेम उत्तम उतरला. तुझा खेळ मात्र नाही. राखलेला खेळ जपणारी कॅसेटच्या आतली बटणाएवढी बॅटरी गेलेलीच निघाली. तेव्हाच गेली होती, ते तुला माहीत आहेच. तेव्हा पहिल्यापासून सुरुवात कर.

तू लिहिलंस की धाकटीला झोपवताना अजून तीच गोष्ट सांगतेस. तिची आई लहानपणी आजारी होती, चार महिने खेळून शेवटच्या राक्षसापर्यंत पोचली होती, बॅटरी गेली आणि सगळं पुसलं गेलं, आणि आईपेक्षा तिचा मामा, म्हणजे मीच, जास्त रडलो. मामा असा असतो. टिल्लू, पोरांना दुसऱ्या गोष्टी सांग. रोज एकच गोष्ट काय.

कॉम्प्युटर गुरुवारी निघेल.

दादा


दि. १५ मार्च

टिल्लू,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

बॅटरी गेलेली नाही. कॉम्प्युटरवाल्याने कॅसेट उघडली, मीटर लावला आणि मलाच हाक मारून दाखवलं. इतक्या वर्षांनी बॅटरी ठणठणीत आहे. "अशा क्वचितच सापडतात," म्हणाला, फार खूश झाला होता. त्याने तशी चिठ्ठी लिहून कॅसेटवर चिकटवली. मी ती घरी येऊन काढली, तुला बॅटरी गेल्याचं लिहिलं आणि पत्र पेटीत टाकून आलो. माझ्या वयाच्या माणसाने हे करावं. दोन दिवस दुकानात माझं लक्ष नाही. काल एका म्हाताऱ्या बाईंच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. त्यांनी तो घालून बघितला आणि मलाच विचारलं, "तुम्हाला बरं नाही का?"

तर ऐक. पाल मी दाबली.

चुकून नाही. खुर्ची कुठली आणि पाल कुठली, हे तुझ्याइतकंच मला माहीत होतं. आणि ती ओळ दाबली की गेम एकदा पुन्हा विचारतो, आठवतं ना? मी दुसऱ्यांदाही दाबली.

माझ्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल आदल्या दिवशी लागला होता. तुला तो दिवस आठवत असेल असं वाटत नाही, कोणालाच आठवत नाही. मी गुणपत्रिका घेऊन घरी आलो. बाबा दुकान लवकर बंद करून तुझ्या पलंगाशी बसले होते. मी म्हटलं, बाबा, निकाल. ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "थांब जरा, हिचा राक्षस मरतोय." मी थांबलो. तो राक्षस मेला, मग दुसरा आला. मी गुणपत्रिका कपाटात ठेवली. तू आजारी होतीस, बाबांचा जीव तुझ्यात अडकला होता, हे मला आज कळतं. खरं म्हणजे तेव्हाही कळत होतं. तरीही दुसऱ्या दिवशी तुला तपासायला नेलं, घरात मी एकटा होतो, आणि मी ते केलं. वर तुझ्याच जागी माझा नवा खेळ सुरू केला. अकरा मिनिटं खेळलो आणि राखून ठेवला. त्या अकरा मिनिटांचा खेळ कॅसेटमध्ये अजून आहे. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "हा पुसून स्वच्छ करून देऊ?" मी नको म्हटलं. तेवढं एक बरं केलं.

तू आल्यावर गेम लावलास तर तुझ्या जागी सुरुवातीचाच खेळ. बॅटरी गेली असेल, म्हणून पहिल्यापासून येतोय, असं मीच म्हणालो.

आता जे लिहितो ते मी तुझ्या वहिनीलाही कधी सांगितलेलं नाही. बाबा घड्याळं दुरुस्त करणारे. अशा बॅटऱ्या रोज त्यांच्या बोटांत. कॅसेट घेऊन ते बाहेरच्या खोलीत आले, बारीक पेचकसाने उघडली, मीटर लावला. मी समोर उभा होतो. काटा पूर्ण वर गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्क्रू घट्ट केले, आत जाऊन तुला म्हणाले, "गेली गं बॅटरी," आणि कॅसेट दुकानात नेऊन ठेवली. मी रडलो तो त्या नजरेने. तू मात्र पलंगावरून हात लांब करून माझं डोकं थोपटलंस आणि म्हणालीस, "दादा, जाऊ दे रे, गेमच तर होता." आणि ते तू पुढे माझ्या लग्नात सांगितलंस, मेहुण्यांना सांगितलंस, आता पोरांना सांगतेस. दर वेळी मी मान खाली घालतो आणि सगळ्यांना वाटतं, मला भरून आलंय.

बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. पण त्या संध्याकाळपासून दुकानातून आले की ते माझ्याजवळ येऊन बसायचे. आज काय केलंस, कुठे गेला होतास, पुढे काय शिकायचं म्हणतोस. रोज विचारायचे, अगदी शेवटपर्यंत. मी काचा घासायचं काम शिकलो तेही त्यांच्या त्या बोलण्यातूनच. तुला वाटायचं, गेम संपला म्हणून बाबा आता तुझ्याजवळ बसत नाहीत. एकदा तू मला तसं म्हणालीही होतीस, आणि मी म्हटलं होतं, दमतात गं ते. मला जे हवं होतं ते सगळं मला मिळालं, टिल्लू. ते तुझं होतं.

कॉम्प्युटर ठरल्याप्रमाणे गुरुवारी निघेल. वायरी जोडायला मी येणार होतो, पण येत नाही. कोणती वायर कुठे, ते चिठ्ठ्या लावून लिहिलं आहे. भाच्यांना जमेल. कॅसेट वेगळ्या पाकिटात आहे, तिच्यावरची बॅटरीची चिठ्ठी पुन्हा चिकटवली आहे. माफी मागत नाही, कारण मागितली की तू लगेच देशील, आणि मला ती तुझ्याकडून आणखी एकदा फुकट घ्यायची नाही.

पोरांना खरं काय ते सांग. मामाचं नाव घेऊन सांग.

तुझ्यासाठी न रडलेला,
दादा