मादामचे केस

४ मार्च १९५७, सोमवार

अंबूबाई सकाळी माझ्या दारात येऊन मटकन बसली. "ताई, सायेब ग्येले वो." कुठं गेले म्हणून विचारलं तर कपाळच बडवून घ्यायला लागली. साहेबांच्या बंगल्यावर भांडी घासायला गेली होती. मादामनं दार उघडलं, तर तिच्या डोक्यावर एक केस नाही! अंबूबाई ताथवड्याची. तिच्या लहानपणी गावच्या कुलकर्ण्याच्या घरात बाईचं डोकं असं व्हायचं ते एकाच कारणानं. ती उलट पावली धावली. फाटकावर कोंडाजी पहारेकऱ्याला सांगितलं, त्यानं पाळी सुटलेल्या लोकांना. मी पोचले तेव्हा बंगल्यासमोर माणसं टोप्या काढून उभी होती. दोघं तर बांबू आणायला निघाले होते.

आणि दार उघडून मोरेल साहेब बाहेर आला! बनियनवर, डोक्यावर हॅट नाही, अर्ध्या गालाला साबण. ही गर्दी कशाची, असं त्यानं मला फ्रेंचमध्ये विचारलं. मी काय सांगणार? म्हटलं, लोकांना वाटलं तुम्ही वारलात. तो गडगडून हसला. मग लोक हसले. मीही हसले. हे लिहून ठेवते.

एकटा कोंडाजी हसला नाही. साहेबाच्या डोक्याकडे बघत राहिला.

आत मादाम चुलीपाशी जमिनीवर बसली होती. डोक्यावर वस्तऱ्याच्या चिरा, मानेवर रक्त सुकलेलं, एक डोळा सुजून मिटलेला. काल संध्याकाळी त्यानं केलं. केस तिथंच पडले होते. तांबूस, लांब. अंबूबाईनं ते गोळा करून ओच्यात घेतले आणि तशीच उभी राहिली. कुठं टाकायचे ते तिला कळेना.

५ मार्च

नानासाहेबांकडे गेले. मॅनेजर म्हणून त्यांनाच सांगायला हवं होतं. बाटल्यांच्या कारखान्याची नवी भट्टी फ्रान्सहून आली, ती बसवायला मोरेल आला, आणि आख्ख्या पिंपरीत फ्रेंच येणारी मी एक. म्हणून पुण्याची शाळा सोडून इथं दुभाषी झाले. कॉलेजात हौसेनं शिकलेली भाषा इतक्या वर्षांनी पोटाला आली.

नानासाहेब शांतपणे म्हणाले, "नवरा-बायकोचं आहे, सुमनताई. भट्टी पेटू द्या. पेटली की तो जाईल. तोवर तो आपल्याला हवाय."

मी मान हलवली. होकार नव्हता तो. पण पाहणाऱ्याला तो नकार वाटला असेल का?

माझे यजमान गेले तेव्हा माझे केस वाचले, ते वडील उंबऱ्यात आडवे उभे राहिले म्हणून. आत्याचे नाही वाचले. मागच्या पडवीत न्हावी बसलेला, आणि आत्याच्या तोंडात पदराचा बोळा. आवाज येऊ नये म्हणून तिनंच कोंबलेला. मोरेलच्या वस्तऱ्याच्या चिरा बघताना मला तो बोळा आठवला. मादामच्या तोंडात काय होतं?

६ मार्च

कोंडाजी आला. ओट्याखालीच उभा राहिला, वर ये म्हटलं तरी आला नाही. आधी लढाईबद्दल बोलला. चाकणकडचा. पलटणीत होता, आफ्रिकेच्या वाळवंटात धरला गेला, इटलीत कैद, मग फ्रान्समध्ये एपिनाल म्हणून गाव आहे तिथं छावणीत. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात विमानांनी छावणीवरच बाँब टाकले. भिंत पडली. कित्येक मेले, जे उठू शकले ते स्वित्झर्लंडच्या दिशेनं पळाले. हा आणि ज्योतीराम बरोबर होते. दोघं एका गावचे, एका शाळेतून पळून गेलेले.

एका खेड्याबाहेर गोठ्याच्या माळ्यावर गवतात लपले. एक पोरगी डोक्याला फडकं बांधून अंधार पडताना यायची, पाव आणि दूध ठेवून जायची. बोलायची नाही. कोंडाजीला तिचा चेहरा सांगता येत नाही, हात सांगता येतात.

मग एका सकाळी काळ्या टोपीवाले आले. जर्मन नव्हेत, फ्रेंचच, पण जर्मनांचे. ज्योतीराम हात वर करून शिडीवरून उतरला. कोंडाजी अजून गवतात होता. त्यांच्या म्होरक्यानं ज्योतीरामला पोटात गोळी घातली. तो पडला तरी हात वरच धरून होता. म्होरका जवळ गेला आणि त्याच्या तोंडात दुसरी घातली. कोंडाजी मागच्या खिंडारातून शेणाच्या खड्ड्यात उतरला आणि नाकापर्यंत बुडून राहिला.

"त्या म्होरक्याचा डावा कान अर्धा हुता, ताई. सायबाची हॅट परवा पहिल्यांदा उतरली."

मी म्हटलं, अर्ध्या कानाची माणसं लढाईनंतर पुष्कळ असतील. तो म्हणाला, व्हय, असतील. म्हणून तर तुमाला विचारायला आलो. तुमाला त्येंची भाषा येती.

८ मार्च

भट्टीच्या विटा मोजून घेताना साहेबाला सहज विचारावं तसं विचारलं, लढाईत तुम्ही कुठं होतात? म्हणाला, जर्मनांविरुद्ध, भूमिगत. कान? "जर्मन गोळी." छाती पुढं काढून म्हणाला. तळेगावचे काचकामगार कौतुकानं बघत होते. त्यांच्यासाठी मला त्याचं मराठी करावं लागलं. केलं. एकानं "शाबास" म्हटलं, आणि मी त्याचंही फ्रेंच केलं!

९ मार्च

साहेब पुण्याला गेला. मादामपाशी बसले. अंबूबाई तिच्या डोक्याला खोबरेल लावत होती. एकमेकींचं एक अक्षर कळत नाही, पण अंबूबाई अखंड बोलत असते. मादामचं नाव ओदेत, म्हणून ओदेतबाई म्हणते तिला. आज सांगत होती, आमच्यात पाट लावत्यात, तू बी लाव, ह्यो मेला की.

मादामनं मला सांगितलं. जर्मन हटले त्या उन्हाळ्यात तिच्या गावात, जे जे त्यांच्या बाजूचे होते म्हणून लोक म्हणाले, त्यांना ओढून चौकात आणलं. पुरुषांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. बायकांची डोकी भादरली. तिला गाडीवर चढवलं, पोलकं फाडलं, अंगावर डांबर ओतलं. तिला ओळखणाऱ्या बाया थुंकल्या. लहानपणी तिला न्हाऊ घातलेली शेजारीणही. वाजंत्री होती, ती म्हणाली. कोणीतरी वाजवत होतं.

कातर कोणाच्या हातात होती? तिनं साहेबाच्या खुर्चीकडे बोट केलं.

त्याच्या आठवडाभर आधीपर्यंत तो काळ्या टोपीत होता. मग टोपी विहिरीत टाकली आणि जिंकणाऱ्यांचा फडका दंडाला बांधला. नवा फडका बांधला की काहीतरी करून दाखवावं लागतं. मग त्याच्याशी लग्न का केलंस? "मला दुसरं कोण घेणार होतं? आणि त्याला मी नजरेसमोर हवी होते."

मी हिंदी शिपायांचं विचारलं. तिनं अंबूबाईचा हात डोक्यावरून बाजूला केला. मग म्हणाली, होय, त्यानंच. त्या शिपायाचे हात वर होते. फाटकावरच्या माणसाच्या कोटाला पलटणीची बटणं दिसतात. त्याला सांगेन, असं ती त्या रविवारी साहेबाला म्हणाली होती. तो म्हणाला, सांग की, आणि तुझे केस कशाबद्दल गेले होते तेही सांग. मग उठून वस्तरा आणला.

कशाबद्दल गेले होते? प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. विचारला नाही. असेल कोणी तरुण जर्मन शिपाई, तिचं वय तसं होतं. बाईमाणसाला हे विचारू नये. माझा सभ्यपणा!

११ मार्च

कोंडाजीनं फाटकावर विचारलं, कळलं का काही. म्हटलं, अजून नाही.

१३ मार्च

तिकडे जे घडलं ते एका भाषेत आहे, इकडे ज्याचा माणूस गेला तो दुसऱ्या भाषेत. मध्ये मी. मी तोंड उघडलं नाही तर दोन्ही कधीच भेटणार नाहीत. भाषांतर करणारीनं नुसतं भाषांतर करावं, असं मी स्वतःला सांगते. पण न करणं हेही करणंच आहे.

नानासाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. खुनी असेल तर सरकार बघेल, त्याचा देश बघेल. पुढच्या गुरुवारी भट्टी पेटायची आहे. अडीचशे घरांची चूल तिच्यावर आहे. त्यांचं खोटं नाही. हेच तर अवघड आहे. मादामच्या गावातही पाव भाजणारे, रेल्वे चालवणारे असंच म्हणाले असतील.

दुपारी मोरेलनं मादामचं मनगट दाराच्या फटीत धरून दार लोटलं. हाडाचा आवाज अंबूबाईनं परसात ऐकला.

१५ मार्च, होळी

कोंडाजीला सांगितलं. सगळं. केसांचंसुद्धा. तो हातातल्या काठीची लोखंडी शेंबी पायऱ्यांच्या दगडावर घासत राहिला. मी म्हटलं, आपण पोलिसांत जाऊ. तो म्हणाला, "जाऊ की."

पलीकडे होळी पेटली होती. लोक बोंबलत होते.

१६ मार्च, धुळवड

जसं घडलं तसं लिहिणार.

कारखाना बंद. सकाळपासून माणसं राख-चिखल खेळत होती, प्यायलेली. दहाच्या सुमारास बंगल्याकडून वेगळाच गलका आला. मी धावले. सगळ्यांची तोंडं चिखलानं माखलेली, कोणी ओळखू येईना. साहेबाला ओढून अंगणात आणलं होतं. धिंड काढायची, बाईचं डोकं भादरतो काय! कुंभाराचं गाढव आणलं होतं. धनगराची मेंढरं कातरायची कातर होती. दोघं त्याच्या छातीवर बसले, एकानं केस धरले. कातडीसकट निघाले. अर्धा कान उघडा पडला, तर कोणीतरी दुसराही तसाच करून टाकला. हसत! डफ वाजत होता. मादाम म्हणाली होती, वाजंत्री होती. मी ओरडत होते, पण कुठल्या भाषेत, आठवत नाही.

गाढव बुजलं, तो खाली पडला. गुडघ्यांवर उठला. समोरचा मळकट माणूस काठी घेऊन उभा होता. त्यानं हात वर करून दाखवले, असे कर म्हणून. मोरेलनं हात वर केले. त्याला कळलं होतं. मी बघितलं, त्याला कळलं होतं. पहिली काठी पोटात बसली. तो पडला. दुसरी तोंडावर. नारळ फुटावा तसा आवाज.

मग डफ थांबला.

मादाम दारात उभी होती, मनगट झोळीत, डोकं उघडं. तिच्या तोंडावर आनंद असेल असं मला वाटलं होतं. नव्हता.

१७ मार्च

ससूनमध्ये पहाटे गेला. शुद्धीवर आला नाही.

अंबूबाई म्हणाली, मी म्हटलंच हुतं. मग स्वतःच घाबरली. त्या सोमवारची आपली 'सायेब ग्येले' ही हाक त्याला लागली असं तिला वाटतंय.

१८ मार्च

फौजदार आला होता. काठी कोणाची होती? म्हटलं, सगळे चिखलानं माखलेले होते. हे खरं आहे. कोणालाच ओळखलं नाही का? म्हटलं, नाही. हे खोटं आहे. मी जन्मात एवढं सहज खोटं बोलले नव्हते. मग त्याच्या सांगण्यावरून हाच प्रश्न मादामला फ्रेंचमध्ये विचारला. तीही नाही म्हणाली. ते भाषांतर मात्र अचूक केलं.

रात्रभर स्वतःशी भांडले. एका खुन्याला मी शिक्षा दिली की एका जमावाला कातर दिली? ज्योतीरामला न्याय मिळाला म्हणावं, तर तो डफ कानातून जात नाही. पण मादाम मोकळी झाली, एवढं तरी आहे. तेवढंच धरून झोपायचं.

२० मार्च

मादाम परवा मुंबईहून बोटीनं निघणार. नानासाहेब दुसरा फिटर मागवताहेत.

कोंडाजी आला. हातात हिरवा खण आणि नारळ. मी म्हटलं, तिची ओटी भरायची नाही आता, तुला माहीत आहे. तो म्हणाला, तिच्यासाठी न्हाई. ती पोरगी. गोठ्यात भाकरी देणारी. बाई त्याच मुलखातल्या, त्यांना ठाऊक असंल. जिती असंल तर एवढं पोचवा म्हणावं. "त्या पोरीपायी मानसावर इस्वास ऱ्हायला, ताई. न्हाईतर मी कवाच जनावर झालो असतो."

काठी आज त्याच्याकडे नव्हती.

२२ मार्च

विचारलं. मादामनं खण मांडीवर घेतला आणि एका हातानं त्याची घडी सारखी करत दोन वाक्यं बोलली. पाव मी नेत होते. आणि ते गोठ्यात आहेत हे मोरेलला मीच सांगितलं. का, असं विचारल्यावर म्हणाली, माझा भाऊ त्यांच्या कोठडीत होता, तो सुटेल म्हणून सांगितलं, तरी तो परत आला नाही.

कोंडाजी पायरीखाली टोपी हातात धरून उभा होता. मी पहिलं वाक्य सांगितलं. तो वर आला आणि त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

ती रडत होती. मला फ्रेंचमध्ये म्हणाली, दोन्ही सांगितलंस ना?

म्हटलं, हो.