समोरच्या खाटेवरचा मुकादम

ताई, तुला आणि आईला नमस्कार.

दादा शुद्धीवर आलाय. मला ओळखतो, दूध पितो. आईला एवढंच सांग. मलेरिया मेंदूत गेला होता, झटके आले, किडन्या बंद पडल्या, हे तुझ्यापाशीच ठेव. डायलिसिस अजून चालूच आहे. लघवी नीट होऊ लागली की थांबवू, असं डॉक्टर म्हणतात.

दादा तापाने फणफणत असताना वीटभट्टीवरच्या मुकादमाने त्याला दवाखान्यात जाऊ दिलं नव्हतं. "नाटकं बंद कर, विटा उचल," म्हणाला होता.

काल तोच मुकादम कुडकुडत समोरच्या खाटेवर आला. त्यालाही मलेरियाच! माझ्याकडे पाणी मागितलं. पेला हातात धरून मी विचारलं, "साहेब, नाटकं तर नाही ना?" त्याने मान फिरवली. मग दिलं पाणी.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला एवढ्या लांब आणू नकोस.

मुकादम दवाखान्यात वेळेवर आला, म्हणून लवकर सुटेल. सुटायलाच हवा. त्याच्या गोळ्या चुकू नयेत म्हणून मीच नर्सला हाक मारतो. तो मेला, तर पोलिसांसमोर मी उभं कुणाला करू?

तुझा,
धाकटा