टीप क्रमांक सत्तावीस

३ मार्च

चि. बाळ्यास,
अ. उ. आ.

आठवतं? बूट घ्यायला गेलं की तू चकचकीत जोड्यासाठी दुकानातच फतकल मारायचास, आणि बाबा मात्र बूट उलटा करून तळ बघायचे. काल बाबांच्या गिरणीचा वार्षिक अहवाल मी तसाच मागच्या पानापासून वाचला. छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासली. बारीक अक्षर मला सोडवत नाही.

घरमालकांना माझी खोली विकायची आहे. महिनाअखेर पैसे दिले तर ती माझी, नाहीतर एकोणीस वर्षांचं बिऱ्हाड हलवायचं. म्हणून बाबांनी ठेवलेल्या गिरणीच्या शेअर्समधला माझा अर्धा वाटा विकते आहे. तसेही ते फार महाग झालेत. दोघांच्या नावावर आहेत, तेव्हा सोबतच्या अर्जावर तुझी सही हवी.

तुझी,
ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अर्ज सही न करताच परत पाठवतो आहे. रागावू नकोस. भाव आठशे चाळीस, शेअरमागे नफा साठ. म्हणजे किंमत नफ्याच्या चौदापट. बाकीचे शेअर पंचवीसपटीनं विकले जाताहेत! याला महाग म्हणणारी तू एकटीच. वर्षभर कुठेतरी भाड्यानं काढ, मग एकीच्या जागी दोन खोल्या घे. बायको म्हणते, ताईंचं ऐका. पण ती काय, कायमची तुझ्याच पार्टीतली!

तुझा,
बाळ्या

१३ मार्च

चि. बाळ्यास,
अ. उ. आ.

कान इकडे कर. अहवालाच्या शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरांत, टीप क्रमांक सत्तावीस आहे. तुझ्या साठांतले चाळीस रुपये जुनी गोदामं विकून आलेत. गोदामं काय दरवर्षी उगवतात? कापडावर सुटले वीसच. म्हणजे किंमत चौदापट नव्हे, बेचाळीसपट! साऱ्या बाजाराचं मला सांगता यायचं नाही. पण स्वस्त म्हणवणाऱ्याची ही तऱ्हा, तर महागांच्या टिपा कुणी वाचल्यात? शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, गणित करण्याआधी प्रश्न पुरता वाचा.

भाव उद्या हजार झाला तरी मी हळहळणार नाही. अर्ज पुन्हा जोडला आहे. सही केली नाहीस तर तुझ्या जिन्यात येऊन बसेन, आणि मला लवकर कंटाळा येत नाही, हे तू जाणतोस.

तुझी,
ताई

२९ मार्च

चि. बाळ्यास,
अ. उ. आ.

सही पोचली. शेजारी ‘सत्तावीस वाचली’ एवढंच लिहिलंस, आणि स्वतःचा वाटा काही सोडला नाहीस! मी विकल्यावर चारच दिवसांत भाव नऊशेवर गेला, म्हणून खिजवणारं कार्डही धाडलंस. खुशाल हस. खोली माझी झाली. आज भिंतीत खिळा ठोकला, कुणालाही न विचारता. वाकडा गेला, तसाच ठेवला आहे.

भांडण चालू ठेव, माया पातळ करू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. खोली घेऊन उरलेली रक्कम तुझ्या बायकोला, तिच्या एकटीच्या नावावर. त्या पैशांना तू हात लावायचा नाहीस. माझ्यामागे खोली तुझ्या लेकीला, माझ्या भाचीला. दाराची दुसरी किल्ली तुला. भाव पडल्यावरच ये असं नाही, चढलेला असतानाही ये.